जुन्या झाडांचा कच्चा पु-अर: पहिल्या कपावर निकाल लावू नका

जुन्या झाडांच्या कच्च्या पु-अर चहाबद्दल मला जे विचारलं जातं, त्यातल्या निम्म्या प्रश्नांचा मजकूर एकच असतो: "महागाचा चहा आणला, पण नुसता कडू लागतो." खोदून विचारलं की कळतं, चमचाभर पानं मोठ्या कपात चार-पाच मिनिटं तशीच ठेवली होती, सकाळी उपाशीपोटी प्यायला, आणि पहिला कप संपताच निकाल लागला. आपल्या हाताला चहा उकळायची सवय आहे. इथे जवळजवळ सगळं उलट करावं लागतं: पानं भरपूर, पाणी थोडं, वेळ काही सेकंदांचा, आणि त्याच पानांवर दहा-बारा वेळा नवं पाणी. या चहाची ओळख गिळल्यानंतर घशात पटते, आणि तीही तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर. तिथपर्यंत नीट कसं पोचायचं, तेवढंच या लेखात आहे.

## आधी चार शब्द, कारण गोंधळ इथेच होतो

पु-अर हा चीनच्या नैर्ऋत्येकडच्या युन्नान प्रांतातला चहा. झाड मोठ्या पानांचं, आसामच्या चहाच्याच जातीचं. पानं कढईत परतून, मळून, उन्हात वाळवली की त्याला माओछा म्हणतात. माओछा वाफवून दाबला की चकती तयार होते. हा झाला 'शंग', म्हणजे कच्चा. ओला ढीग लावून कित्येक आठवडे आंबवलेला, काळपट आणि मातकट वासाचा तो 'शू', म्हणजे पिकवलेला. ती पद्धत १९७३ पासूनची. पुढची मापं आणि वेळा शंगसाठी आहेत, शूसाठी नाहीत.

'गुशू' म्हणजे जुनं झाड. यातला 'शू' झाड या अर्थाचा आहे, पिकवलेल्या 'शू'शी त्याचा संबंध नाही. हे न कळल्यामुळे भलताच चहा मागवलेले लोक मला भेटले आहेत. 'थायदी' म्हणजे डोंगरउतारावर ओळीत लावलेले, छाटून कमरेएवढे ठेवलेले मळे. किती वर्षांच्या झाडाला गुशू म्हणायचं, याची सगळ्यांना बांधील अशी व्याख्या नाही. व्यापारात साधारण शंभर वर्षांच्या पुढची झाडं तशी म्हणवली जातात. म्हणून वेष्टणावरचा झाडाच्या वयाचा आकडा विकणाऱ्याचा दावा समजा आणि पुढे चला.

## टप्पा १: एक नाही, दोन नमुने घ्या

पहिली चूक पाकिटाला भारी पडते: अख्खी चकती घेणं. ठरलेल्या मापाची चकती ३५७ ग्रॅमची असते (अशा सात चकत्यांची बांबूच्या आवरणातली चळत साधारण अडीच किलोची होते). एका बैठकीला ६ ग्रॅम धरले तर ३५७ ग्रॅम म्हणजे साठेक बैठका. जो चहा अजून चाखलाच नाही, त्याच्या साठ बैठका विकत घ्यायचं कारण नाही.

त्याऐवजी एकाच विक्रेत्याकडून, एकाच भागातले, एकाच वर्षाचे दोन नमुने प्रत्येकी २५ ग्रॅम घ्या: एक जुन्या झाडांचा, एक मळ्यातला किंवा तरुण झाडांचा. एकटा नमुना प्यायलात तर 'छान' किंवा 'कडू' यापलीकडे काही हाती लागणार नाही. जोडी असली की जीभ स्वतःच फरक शोधायला लागते. दोन्हींचा वसंतातला तोडा असेल तर उत्तम, म्हणजे मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा. पावसाळी तोड्याची पानं पातळ चवीची असतात, त्यावरून मत बनवू नका.

गाव कोणतं निवडावं? लाओ बानझांग आणि बिंगदाओ ही नावं पहिल्या खरेदीत टाळा. या दोन गावांच्या चहाला प्रचंड भाव आहे, आणि त्यामुळेच त्यांच्या नावावर खोटा माल सगळ्यात जास्त फिरतो. सुरुवातीला जिंगमाय घ्या, नाननुओ घ्या, किंवा ईवू डोंगराच्या आसपासचा घ्या. जिंगमायच्या जुन्या चहा-वनांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं; ब्लांग आणि दाय समाजाची गावं पिढ्यान् पिढ्या तिथे झाडांच्या सावलीत चहा राखत आली आहेत.

विक्रेत्याला चार प्रश्न विचारा: गाव कोणतं, तोडा कोणत्या हंगामाचा, पानं कोणत्या वर्षाची, आणि तेव्हापासून चहा कुठे ठेवला होता. चौथा प्रश्न लोक विसरतात, आणि खरं तर तोच मोठा. युन्नानची राजधानी कुनमिंग, तिथल्या कोरड्या हवेत दहा वर्षं राहिलेली चकती आणि हाँगकाँगच्या दमट गोदामात दहा वर्षं राहिलेली चकती हे दोन वेगळे चहा असतात.

तपासा: विक्रेता फक्त झाडाचं वय सांगतोय ("आठशे वर्षांचं झाड!") आणि गोदामाबद्दल काहीच बोलत नाही? तिथून घेऊ नका.

## टप्पा २: पार्सल उघडलं म्हणून लगेच पिऊ नका

प्रवासात चहा प्लास्टिकमध्ये कोंडलेला असतो, कधी फार कोरडा पडतो, कधी खोक्याचा वास धरतो. कागदी पाकिटात काढून एका डब्यात दोन आठवडे ठेवा. झाकण लावा, पण हवाबंद करू नका.

डबा कोणता, हे महत्त्वाचं आहे. चहाची पानं वास ओढून घेतात. मसाल्याचा, लोणच्याचा, हिंगाचा डबा कितीही घासला तरी चालणार नाही. रिकाम्या डब्यात दोन चमचे कोमट पाणी घाला, झाकण लावून दहा मिनिटं थांबा, मग झाकण उघडून हुंगा. काहीही वास आला तर तो डबा बाद. वास नसेल तर पुसून एक दिवस कोरडा होऊ द्या, मगच चहा भरा.

## टप्पा ३: जिभेला तीन गोष्टी ओळखायला शिकवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग तुरट, कडू, कडवट, उग्र या सगळ्याला 'कडू' म्हणतात. एक संध्याकाळ यासाठी द्या.

कारल्याची एक चकती मीठ न लावता चावा. हा कडूपणा. मग कच्च्या केळ्याचा तुकडा किंवा जांभूळ खा. जीभ खरखरीत होते, गालांची आतली बाजू ओढली जाते. हा तुरटपणा. कडू ही चव आहे; तुरटपणा हा स्पर्श आहे, कारण पानांतले पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडाचा ओशट गुळगुळीतपणा जातो. चहात दोन्ही एकत्र येतात, आणि त्यांना वेगळं करता आलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

शेवटी आवळा. आवळा चावून खा, मिनिटभर थांबा आणि साधं पाणी प्या. पाणी गोड लागतं. लहानपणी शाळेच्या दारात आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. कच्च्या पु-अरमध्ये जो गोडवा मागाहून परत येतो, ज्याला चिनी भाषेत ह्वेइगान म्हणतात, तो या आवळ्याच्या गोडव्याचा जवळचा नातेवाईक आहे. साखरेसारखा तो जिभेच्या टोकावर येत नाही. आधी तुरट जातं, मग आतून उमलतो. माझ्या ओळखीत ज्यांनी आधी आवळा खाऊन पाहिला, त्यांना हा गोडवा पहिल्याच बैठकीत सापडला.

सावधान: हे सगळं चहाच्या आदल्या दिवशी करा. त्याच दिवशी केलंत तर कारल्याची आणि आवळ्याची चव चहात शिरेल.

## टप्पा ४: पाणी आणि भांडी

चांगल्या चहाचा घात पाणी सगळ्यात लवकर करतं. बोअरचं जड पाणी, ज्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, या चहाला मातकट आणि मुका करतं. वर तवंगही येतो. दुसऱ्या टोकाला घरच्या आरओ यंत्राचं अगदी रिकामं पाणी: त्यात चहा धारदार लागतो, पण अंग येत नाही. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून येणारं किंवा पुण्याला खडकवासल्यातून येणारं पाणी मुळात मऊ आहे. क्लोरीनचा वास जावा म्हणून रात्री उघड्या स्टीलच्या भांड्यात भरून ठेवलं की काम होतं. बोअर असेल तर आरओचं तीन भाग आणि बोअरचं एक भाग असं मिसळून पाहा. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजायचं यंत्र हाताशी असेल तर मी ५० ते १२० च्या दरम्यान ठेवतो. माठातलं पाणी नको, त्याला मातीचा स्वतःचा वास असतो आणि इथे तो आडवा येतो.

पाणी पूर्ण उकळलेलं हवं. "ग्रीन टीसारखं ८० अंशाला करा" हा सल्ला कच्च्या पु-अरला लागू नाही. कोमट पाण्यात कडूपणा कमी होतो खरा, पण घशातली खोलीही बाहेर येत नाही, आणि जुन्या झाडांचे पैसे आपण त्या खोलीसाठीच दिलेले असतात. पुण्याला पाणी साधारण ९८ अंशाला उकळतं, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास, दोन्ही चालतं. खुद्द कुनमिंग शहर १,९०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे पाणी ९४ अंशालाच उकळतं.

भांड्यांत गायवान हवं: झाकण आणि बशी असलेला, कान नसलेला चिनी मातीचा वाडगा, १०० मिलीचा. त्याशिवाय काचेचा एक छोटा जग, दोन-तीन लहान कप, आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. गायवान मिळालं नाही तर तेवढ्याच मापाचा चिनी मातीचा कप आणि त्यावर बसणारी बशी घ्या, बशी किंचित सरकवून पाणी काढता येतं. चीनच्या यीशिंग शहरातली मातीची किटली सुरुवातीला अजिबात नको. ती वास धरून ठेवते आणि तुलना बिघडवते.

तपासा: आत ओतलेलं पाणी मोजा. १०० मिलीच्या नावाखाली विकलेल्या गायवानात काठोकाठ १३० मिली मावतं असं बऱ्याचदा निघतं. पानांचं माप प्रत्यक्ष ओतलेल्या पाण्यावर धरायचं.

## टप्पा ५: चकती फोडणं

सुट्टा माओछा आणला असेल तर हा टप्पा सोडा.

चकती जाड फडक्यावर आडवी ठेवा. बोथट टोकाची चहाची सुई किंवा पातळ पात्याची बोथट सुरी कडेतून, थरांना समांतर आत घाला. थोडी हलवून थर उचला, सुई काढा, शेजारी पुन्हा घाला. वरून खाली भोसकू नका, पानांचा भुगा होतो, आणि भुगा सेकंदात कडू होतो. दुसरा हात सुईच्या समोर कधीही येऊ देऊ नका. चकती घट्ट असते, सुई अचानक सुटते. तळहातात घुसल्याचे प्रकार होतात.

फोडताना डोळे उघडे ठेवा. वरच्या थरावर लांब, चंदेरी कोंबांची देखणी पानं आणि पोटात तुटका, काळपट चुरा असं दिसलं तर वर सजावट केलेली आहे. नमुना नेहमी वरचं आणि आतलं दोन्ही मिळून घ्यायचा. भुगा बाजूला काढा, टाकू नका, तो एखाद्या दिवशी मोठ्या किटलीत चालतो.

## टप्पा ६: ओतण्याचा क्रम

इथे घाई करू नका. बहुतेक चुका याच टप्प्यात होतात, आणि त्या चवीला चहाचा दोष म्हणून दिसतात.

आधी पोटात काहीतरी असू द्या. पोहे, पोळी, काहीही; नाश्त्यानंतर तासाभराने बसलात तर उत्तम. ताजा कच्चा पु-अर उपाशीपोटी प्यायला तर मळमळ, हात थरथरणं, डोकं हलकं होणं हे सगळं होऊ शकतं. संध्याकाळी सहानंतर नको, झोप जाईल. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी अर्ध्या मापाने सुरुवात करावी.

१. गायवान, जग, कप उकळत्या पाण्याने गरम करून पाणी टाकून द्या. थंड गायवान पहिल्या दोन फेऱ्या बिघडवतं.

२. ६ ग्रॅम पानं गरम गायवानात घाला, झाकण लावून दोनदा हलवा, झाकण उघडून हुंगा. हा वास लक्षात ठेवा. पानांतला धूर, करपलेपणा, ओलसर गोदामाचा वास इथे सगळ्यात स्पष्ट कळतो.

३. उकळतं पाणी कडेने गोल फिरवत ओता, थेट पानांच्या डोक्यावर नाही. पाच सेकंदांत पूर्ण काढून टाका. ही धुणी. धुणीने भुगा जातो आणि दाबलेली पानं सुटायला लागतात. घट्ट तुकडा असेल तर धुणीनंतर झाकण लावून मिनिटभर थांबा.

४. पहिली फेरी: पाणी ओता, झाकण लावा, पाच सेकंदांनी जगात ओतायला सुरुवात करा. ओतायलाही चार-पाच सेकंद लागतात, ते वेळेत धरायचे. नवखा माणूस "पाच सेकंद" म्हणतो आणि त्याच्या पानांना बारा सेकंद मिळतात.

५. शेवटचा थेंब निथळेपर्यंत ओता. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: तळाशी चमचाभर पाणी राहतं, दोन फेऱ्यांच्या मधल्या पाच मिनिटांत ते पानांतून काढा काढतं, आणि पुढची फेरी कडू होते. चहाला दोष देण्याआधी गायवान तिरकं करून तळ पाहा.

६. ओतून झालं की झाकण बाजूला ठेवा किंवा अर्धवट उघडं ठेवा. बंद राहिलं तर पानं स्वतःच्या वाफेत शिजतात आणि उकडलेल्या पालेभाजीसारखा वास येतो.

७. दुसरी आणि तिसरी फेरी पहिल्याइतकीच. दाबलेली पानं याच वेळी उघडतात, म्हणून दुसरी-तिसरी फेरी सगळ्यात जोरकस असते. वेळ वाढवू नका. चौथी ते सहावी १० ते १५ सेकंद, सातवी ते नववी २० ते ३०, पुढे मिनिट, दोन मिनिटं. पाणी दर वेळी पुन्हा उकळी आणून घ्या, किटलीत निवत चाललेलं नाही.

८. सगळं संपल्यावर पानं पातेल्यात घालून दोन कप पाण्यात पाच मिनिटं उकळा. उकळायची हौस इथे भागवा. चांगल्या पानांतून या वेळीही गोडसर, स्वच्छ पाणी निघतं.

फेरी बिघडली तर: फार कडू वाटली तर आधी वेळ कमी करा. तरी कडू असेल तर पुढच्या बैठकीत पानं ५ ग्रॅम करा. पाण्याचं तापमान शेवटी बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही.

सावधान: गायवानाच्या बाहेर वळलेल्या काठापर्यंत पाणी भरू नका. अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर. पाणी काठाच्या खाली अर्धा सेंटीमीटर असेल तर बोटं भाजत नाहीत.

## टप्पा ७: कुठे लक्ष द्यायचं

कप तोंडाला लावून जोरात फुरका मारा. मोठ्यांनी लहानपणी बंद केलेली ही सवय इथे कामाची आहे. हवा आत गेल्याने चहा सगळ्या तोंडात पसरतो आणि वास नाकापर्यंत वर जातो. मग गिळा, तोंड बंद करा, नाकाने श्वास सोडा. आणि आता पुढचा घोट घेऊ नका. अर्धा मिनिट थांबा.

त्या अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, कडूपणा किती वेळ टिकतो. कडू असणं हा दोष नाही. कडू तसंच बसून राहणं हा दोष आहे. बुलांग डोंगरातला लाओ बानझांगचा चहा सुरुवातीला चांगलाच कडू असतो, पण तो कडूपणा विरघळतो आणि त्याच्या जागी गोडवा येतो. ईवूकडचा चहा सुरुवातीपासूनच मऊ, मधासारखा आणि दाटसर. तिथे कडूची वाट पाहू नका.

दुसरी, तुरटपणा कुठे बसतो. मळ्यातल्या चहात तो बहुधा जिभेच्या पुढच्या भागावर आणि हिरड्यांवर चिकटून बसतो, सुपारी खाल्ल्यासारखा. जुन्या झाडांच्या चांगल्या चहात तो येतो आणि लवकर सुटतो, मग जिभेखालून आणि गालांतून लाळ सुटायला लागते. लाळ सुटली की तोंड ओलं होतं आणि ती गिळताना गोडवा जाणवतो. आवळा आठवा.

तिसरी, घसा. ही गोष्ट शब्दांत सांगणं कठीण आहे आणि अनुभवली की विसरणं कठीण. गिळून मिनिटभर झालेलं असतं, तोंडात काही उरलेलं नसतं, आणि श्वास घेताना घशात खाली कुठेतरी गारसर गोडवा लागतो, खडीसाखर आणि वेलदोडा चघळून झाल्यावर लागतो तसा. बिंगदाओच्या चहाची ख्याती याच खडीसाखरेसारख्या गारव्यासाठी आहे. घसा उलट कोरडा पडला, खरवडल्यासारखा झाला, तर वेष्टणावर काहीही लिहिलेलं असो, चहात गडबड आहे.

वासासाठी रिकामा जग थंड झाल्यावर हुंगा. गरम असताना सगळेच चहा सुगंधी वाटतात. थंड काचेवर जो वास उरतो तो खरा. जिंगमायच्या चहात इथे फुलांचा, मधाचा वास रेंगाळतो.

सहावी ते नववी फेरी नीट लक्ष देऊन प्या. मळ्यातला चहा पहिल्या तीन-चार फेऱ्यांत सगळं देऊन टाकतो आणि मग अचानक पातळ होतो. जुन्या झाडांचा हळूहळू उतरतो. नवव्या फेरीला रंग फिका होतो, पण पाण्याला वजन असतं आणि घशातला गोडवा टिकतो. मी तर पहिल्या तीन फेऱ्यांवर टिपण लिहितच नाही.

अंग गरम होणं, पाठीला घाम, डोकं हलकं होणं याला चिनी रसिक छाची म्हणतात आणि त्यावर फार बोलतात. जाणवलं तर जाणवू द्या, पण तो झाडाच्या वयाचा पुरावा मानू नका. कॅफीन भरपूर असलेला तरुण चहासुद्धा घाम काढतो.

## टप्पा ८: चोथा पाहा, मग झाकून तुलना करा

उरलेली पानं पांढऱ्या ताटलीत पाण्यावर पसरा. बोटांत चोळून पाहा: चांगली पानं लवचीक, जाडसर असतात, फाटत नाहीत. लालसर कडा दिसल्या तर परतायला उशीर झाला होता. काळे करपलेले ठिपके म्हणजे कढई फार तापली होती. सगळी पानं एकसारखी हिरवीगार आणि वास भाजलेल्या चण्यासारखा असेल, तर परतणं ग्रीन टीच्या पद्धतीने झालंय. असा चहा आज गोड लागतो, पण वर्षागणिक सुधारत नाही. जाड देठ, मोठं पान, ठळक शिरा यावरून झाडाचं वय सांगणारे भेटतील. पानाचा आकार झाडाच्या प्रकारावरही अवलंबून असतो, म्हणून एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

आता जोडी काढा. दोन सारखे पांढरे कप, प्रत्येकात ३ ग्रॅम पानं, १५० मिली उकळतं पाणी, झाकून पाच मिनिटं. होय, इथे मुद्दाम जास्त वेळ. ही पिण्याची पद्धत नाही, तपासण्याची आहे. लांब वेळेत दोष लपत नाहीत. कपांच्या तळाला खुणेचे कागद चिकटवून घरातल्या कुणाला तरी जागा बदलायला सांगा. गाळून, थोडं निवल्यावर चमच्याने चाखा. घसा कोणत्या कपाने खरवडला आणि कोणत्याने ओला झाला, एवढंच लिहा. मग कागद पाहा.

तपासा: तीन वेगवेगळ्या दिवशी हाच प्रयोग केला आणि तिन्ही वेळा तोच कप निवडलात, तर चकती घ्यायला हरकत नाही. निवड बदलत राहिली तर आणखी २५ ग्रॅम घ्या.

## टप्पा ९: चकती घेतली, आता पावसाळा

कच्चा पु-अर वर्षं सरतील तसा बदलतो, त्यासाठी त्याला थोडा ओलावा आणि थोडी ऊब लागते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा ओलावा मर्यादेबाहेर जातो, विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की चकती झोपून जाते. दोन्हीकडे उपाय एकच आहे: जाड झिप पिशवी किंवा घट्ट झाकणाचा बिनवासाचा डबा, आत साधा आर्द्रतामापक, आणि आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर राखणारी पुडी. सिलिका जेल घालू नका, ते चहाला सुकवून टाकतं. फ्रिज नको. देव्हाऱ्याजवळचं कपाट नको, उदबत्ती आणि कापूर आठवड्यात शिरतात. डांबरगोळ्या ठेवलेलं कपड्यांचं कपाट तर कधीच नको; तो वास पुन्हा निघत नाही.

पिशवीत चकती घालायची ती कोरड्या दिवसांत, मेअखेरीस. जुलैत दमट हवा आत कोंडून बंद केलीत तर बुरशीला तुम्हीच घर करून दिलंत.

महिन्यातून एकदा उघडून पाहा. कोंबांवरची चंदेरी लव बुरशी समजून लोक घाबरतात. लव कोंबाला चिकटून एका दिशेने झोपलेली असते, फुंकर मारली तरी हलत नाही. बुरशी कापसासारखी दोन पानांच्या मध्ये ताणलेली दिसते आणि कुबट वास मारते. आर्द्रता ७० च्या वर जाऊन राहिली असेल तर पंख्याखाली कागदावर दोन-तीन तास ठेवा आणि पुडी बदला. हिरवी, काळी किंवा पिवळी बुरशी दिसली तर चकती टाकून द्या. ऊन दाखवून, खरवडून, धुवून पिऊ नका. पानांच्या थरांत ती किती आत गेली आहे, हे बाहेरून कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की एक बैठक करा: तेच ६ ग्रॅम, तेच गायवान, त्याच वेळा. नवं टिपण लिहून झाल्यावर मगच मेमधलं, चकती बंद करण्याआधीचं टिपण उघडा.